हेमंतातील पंगत आणि आमची पथ्यपत्रिका

मार्गशीर्ष लागला की जळगाव-धुळे परिसरातील शेतांच्या बांधांवर धूर दिसू लागतो. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर व तुराट्यांवर वांगी भाजली जातात, लाकडी बडगीत हिरवी मिरची व लसणासह ठेचली जातात आणि कांद्याची पात, शेंगदाणे व तेल घालून भरीत सिद्ध होते. बामणोद आणि आसोदा ही गावे या वांग्यासाठी प्रसिद्ध आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. सोबत ज्वारीत सालीचे उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी असते. नाताळच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत पुणे, मुंबई, सुरत येथे गेलेली मुले-नातवंडे घरी येतात ती बहुतांशी या पंगतीसाठीच. अशा पंगतीत आपला रुग्ण कोठे बसतो, याचा विचार आपण वैद्यांनी करावा, यासाठी हे लेखन.

काही वर्षांपूर्वी आमवाताच्या एका वृद्ध रुग्णेस आम्ही नेहमीची छापील पथ्यपत्रिका दिली. तीत वांगे, उडीद, तीळ, गूळ, दही, मिरची अशी वर्ज्य पदार्थांची सरळ यादी होती. महिना, पाककृती, मात्रा यांचा त्यात उल्लेख नव्हता. सूनबाईंनी ती यादी निष्ठेने पाळली. सुट्टीत सारे कुटुंब शेतात भरितासाठी जमले असता आजींपुढे मुगाची पातळ खिचडी ठेवण्यात आली. पुढील भेटीत त्या एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कागद पाळला, पण त्या दिवसापासून जेवणावरची वासनाच गेली." सांध्यांचा शोथ वाढला नव्हता, हे खरे. परंतु ऐन थंडीत त्या पंधरा दिवस अर्धपोटी राहिल्या होत्या, वजन उतरले होते आणि झोप मोडली होती. दोष सूनबाईंचा नव्हता, आमच्या पत्रिकेचा होता.

हेमंत ऋतूविषयी शास्त्राचे म्हणणे आपणां सर्वांस पाठ आहे. बाहेरील शीत वायूने कोंडला गेलेला जाठराग्नी या काळी प्रबळ होतो. त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो रसधातूचेच शोषण करतो आणि वायू कुपित होतो. म्हणून चरकाचार्यांनी या ऋतूत स्निग्ध, अम्ल, लवण रसांचा आहार, दुग्धजन्य पदार्थ, उसाचे विकार, तेल आणि नवीन तांदळाचा भातही सांगितला. उलट वातल व लघु अन्न आणि प्रमित म्हणजे अत्यल्प आहार वर्ज्य मानला. वाग्भटाचार्यांच्या हेमंतचर्येत उडदाचे पदार्थ स्पष्टपणे येतात. मग बारा महिने एकच पत्रिका हाती देणारे आपण ऋतुचर्येचे अनुयायी कसे ठरतो?

वांग्याचेच उदाहरण घेऊ. भावप्रकाशात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा स्वतंत्र विचार आहे. असे वांगे किंचित पित्तकर, परंतु कफ, मेद, वायू आणि आम यांचा नाश करणारे, अत्यंत लघु व दीपन सांगितले आहे. तेच तेल व मीठ यांनी युक्त झाले की गुरू व स्निग्ध होते. म्हणजे पऱ्हाटीवर भाजलेले वांगे आमवाताच्या रुग्णास सरसकट वर्ज्य ठरत नाही. वर्ज्य ठरतो तो वर तरंगणारा तेलाचा तवंग. उडीद मात्र आमवातात खरोखर अपथ्य आहे. तेव्हा आजींना कळण्याऐवजी साध्या ज्वारीची गरम भाकरी आणि बेताच्या तेलातले, कमी मिरचीचे भरीत देता आले असते. त्या पंगतीतच जेवल्या असत्या. संस्कार, संयोग, राशी, देश व काल यांचा विचार आहारविधीत सांगितला आहे तो याचसाठी.

लोकाचारानेही हा विचार आपल्या परीने जपलेला आहे. आषाढात कांदेनवमीला कांदा-वांगे खाऊन अनेक घरी ते चातुर्मासात बंद होते. वर्षा ऋतूतील मंद अग्नीच्या काळात वांगे ताटात नसते. ते परत येते मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीस, खंडोबाच्या नैवेद्यात भरीत आणि रोडगा म्हणून. पुढे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिश्र भाजी येते. रूक्ष बाजरीस तीळ व लोण्याची जोड कोणी ग्रंथ वाचून दिली नसेल, पण ती शास्त्रास धरून आहे.

याचा अर्थ हेमंत आहे म्हणून काहीही खावे, असा नव्हे. काही वैद्यबंधू आम्हांस विचारतात, "रुग्णास एवढी सूट दिली तर तो पथ्य पाळेल काय?" शंका रास्त आहे. हेमंतातील प्रबळ अग्नी शास्त्राने बलवानांचा म्हटला आहे, आणि त्याच ऋतुचर्येत अभ्यंग व व्यायामही आहे. दिवसभर कापूस वेचणाऱ्यास जे भरीत पचते, ते दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यास तेवढ्याच तेलासह पचेलच असे नाही. शिवाय आता भरीत केवळ हिवाळ्याचे राहिलेले नाही. उपाहारगृहांत ते वैशाखातही मिळते. अम्लपित्त, रक्तपित्त, काही त्वग्विकार यांत मिरची-लसणाचे भरीत हेमंतातही टाळावे लागेल, आणि मधुमेह्यास तिळगूळ वाटीभर नव्हे, चवीपुरताच. परंतु नकार द्यावयाचा तो त्या रुग्णास, त्या अवस्थेत, कारण सांगून द्यावा. कारण सांगितलेले पथ्य पाळले जाते. सरसकट सांगितलेले एक तर लपून मोडले जाते, नाही तर आजींप्रमाणे उपाशीपोटी पाळले जाते.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. छापील पत्रिका टाकून देऊ नये, पण ती ऋतूंप्रमाणे विभागावी. प्रत्येक वर्ज्य पदार्थापुढे 'कोणत्या रूपात' आणि 'किती' असे दोन रकाने ठेवावेत. मार्गशीर्ष-पौषात रुग्ण आला की घरी कोणता सण आहे, कोण कोण येणार आहे, हे विचारावे, आणि त्या ताटातील त्याचा वाटा ठरवून द्यावा: कळणा की ज्वारी, तेल किती, भरीत दुपारी की रात्री. शक्य तेथे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस समोर बसवूनच हे सांगावे. यास पाच-सात मिनिटे अधिक लागतील.

आम्ही आमच्या पत्रिकेतील 'वांगे वर्ज्य' ही ओळ खोडली आहे. तिच्या जागी 'विचारून' असे लिहिले आहे. त्या आजी पुढील हिवाळ्यात शेतातल्या पंगतीत बसल्या. ज्वारीची भाकरी आणि भरीत जेवल्या.