पाहुण्यांची कुरकुर

अंदमानला गेलेल्या मराठी माणसाचा आवाज सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे आपसूक खाली येतो. दुसऱ्या दिवशी वंडूरच्या धक्क्यावर तोच आवाज चढलेला असतो. जॉली बॉय बेटाकडे निघण्यापूर्वी तेथे पिशव्या तपासतात आणि प्लॅस्टिक काढून ठेवायला लावतात. 'पैसे भरून वर ही झडती?' असे आम्हीही रांगेत पुटपुटलो होतो. आज त्याची लाज वाटते.

१९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातले हे एक चिमुकले बेट. तेथे वस्ती नाही, मुक्कामाची परवानगी नाही. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहायचे आणि परतायचे. वर्षातले काही महिने हे बेट बंद ठेवून पर्यटकांना रेडस्किन बेटावर नेतात. जमीन पडीक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला या विश्रांतीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

यावर एक आक्षेप घेता येतो. २०१० मध्ये समुद्र तापला आणि अंदमानातले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले, ते काही कोणाच्या बाटलीमुळे नव्हे. प्रवाळाच्या शरीरात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवले उष्णतेमुळे बाहेर टाकली जातात आणि त्याची उपासमार सुरू होते. उद्यानाची हद्द ही उष्णता अडवू शकत नाही. मग झडतीने काय साधणार?

आमचे उत्तर असे : पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही, पाणी वेळेत निवले तर ते सावरू शकते. तापाने फणफणलेल्या माणसाला देण्याजोगे औषध हाताशी नसले, म्हणून कोणी त्याला तुडवत जात नाही. बेट बंद ठेवणे हा उपाय नव्हे, पण किमान सभ्यता आहे. तिच्यापायी उद्या आमची सहल हुकली तरी ते आम्हाला मान्य असले पाहिजे.

मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्याला स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. आमच्यापुढे केवळ सुट्टीचा.

परतीच्या बोटीत आमच्यापैकी एकाने खिशातून प्रवाळाचा तुकडा काढून कौतुकाने दाखवला. २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे वाघाइतकेच संरक्षण आहे, हे आम्हाला ठाऊक होते. तरी आम्ही कोणीच बोललो नाही. कोठडीपुढचे आमचे मौन आदराचे होते. हे मात्र निव्वळ भिडेचे होते.