गुटगुटीत म्हणजेच निरोगी?

"माशाअल्लाह, किती गुटगुटीत बाळ!" लग्नाच्या दावतीत कोणी असे म्हटले की आईचा चेहरा खुलतो. त्याच दावतीत ज्या बाळाचे गाल भरलेले नसतात, त्याच्या आईला मात्र सल्ले मिळू लागतात. डब्याचे दूध सुरू कर, बाटलीत साखर टाक, बिस्कीट भिजवून दे. सल्ला देणाऱ्या खाला-फूफींच्या मनात मायाच असते. पण बाळाची तब्येत गालांवरून ठरवता येत नाही.

आपल्याकडे तर हे अधिकच खरे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर माता व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधल्या ज्या बाळांशी तुलना केली, त्यांचे सुमारे 3.5 किलो होते. आपली बाळे अंगाने लहान, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. अशा बाळाला साखर आणि बिस्किटांवर वाढवले तर गाल भरतात, पण उंची, स्नायू आणि रक्त मागे राहते. लहानपणी झपाट्याने चढलेली चरबी पुढे लठ्ठपणा आणि मधुमेहाची वाट सोपी करते.

मग करायचे काय? सुरुवात आईपासून करावी लागेल. सूरह बकराच्या 233व्या आयतीत, ज्यांना मुदत पूर्ण करायची आहे त्यांच्यासाठी दूध पाजण्याची दोन पूर्ण वर्षे सांगितली आहेत, हे आपण बयानांतून ऐकतो. त्याच आयतीत दूध पाजणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, आणि दूध लवकर तोडायचे असेल तर दोघांनी राजीखुशीने, मशवरा करून ठरवावे असेही आहे. हा भाग मात्र घराघरांत विसरला जातो. बाळंतपणाचा हरीरा चाळीस दिवस मिळतो. त्यानंतर दूध पाजणारी सून सर्वांच्या मागून, पातेल्यात उरेल ते खाते. तिच्या ताटात रोज डाळ, भाजी आणि अंडे किंवा मासा पडला पाहिजे. रमजानमध्ये रोजामुळे तिच्या वा बाळाच्या तब्येतीला अपाय होण्याची भीती असेल तर शरिअतने तिला सवलत दिली आहे. नंतरच्या कझाबद्दल आलिमांना विचारून घ्यावे. सवलत घेणाऱ्या सुनेला टोमणे मारू नयेत.

जन्मानंतर येणारे घट्ट पिवळसर दूध पिळून टाकू नका, ते बाळाचे पहिले संरक्षण आहे. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नको. "मग तहनीकचे काय?" असे भगिनी नेहमी विचारतात. तहनीक म्हणजे खजुराचा मऊ केलेला किंचित अंश टाळूला लावणे. स्वच्छ हाताने आणि निरोगी माणसाने ते एकदा केले, की झाले. त्याच्या नावाखाली रोज मध आणि घुट्टी चाटवणे ही वेगळी गोष्ट आहे. मधात शिफा आहे यावर आपला ईमान आहे, पण एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. मधात काही वेळा असे जंतू असतात की ते कोवळ्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि बाळाचे अंग लुळे पडते. महिन्याच्या बाळाला आपण मटण देत नाही, तसेच हे समजावे.

खरी घसरण सहा महिन्यांनंतर होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये देशातील 6 ते 23 महिन्यांच्या बाळांपैकी केवळ 11.3 टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. याला गरिबी कारण आहेच, पण सगळेच कारण ती नाही. डाळीचे वरचे पाणी आणि चहात बुडवलेला पाव, यांनी पोट भरते, अंग धरत नाही. जाडसर कालवलेले अन्न द्या. चमचा तिरका केला तरी घळकन ओघळू नये असे.

या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरात मोठी सोय आहे. मोहरममधला खिचडाच पाहा. गहू, डाळी आणि गोश्त एकत्र शिजवून घोटलेले. मिरची-मसाला घालण्यापूर्वी वाटीभर बाजूला काढला तर बाळासाठी याहून चांगले काय? रोज वरण-भात, त्यावर चमचाभर तेल किंवा तूप, कधी पूर्ण उकडलेले अंडे, कधी बारीक शिजवलेला खिमा. कोकणातल्या घरांत काटे नीट काढलेला मासा. आठवड्यातून एकदा कलेजीचा लहानसा तुकडा कुस्करून दिला तर रक्तासाठी लोह मिळते. शीरखुर्म्यातले अख्खे काजू-बदाम मात्र देऊ नका, ते घशात अडकतात. वर्षाच्या आत गायी-म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून नको, आणि दोन वर्षांपर्यंत साखरेची गरज नाही. सहाव्या महिन्यानंतर दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्यानंतर तीन-चार वेळा भरवा. आईचे दूध चालूच. बाळाने तोंड फिरवले की थांबा. मोबाईल दाखवून कोंबणे हा प्रकार तर बंदच करा.

साधारणपणे जन्माचे वजन पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी वाढ मंदावते आणि भूकही कमी होते. "काही खातच नाही" म्हणून घाबरण्याची ही वेळ नव्हे. अंगणवाडीत माता व बाल संरक्षण कार्डावर दरमहा वजनाचा ठिपका द्यायला सांगा. बाळ बारीक दिसत असले तरी रेष हिरव्या पट्ट्यात वर चढत असेल तर ते ठीक आहे. गाल भरलेले असूनही रेष दोन महिने आडवी राहिली, पिवळ्या-नारिंगीकडे झुकली किंवा पायांवर सूज दिसली, तर डॉक्टरांकडे जा. वजन केल्याने नजर लागते असे काही दादी-नानी मानतात. त्यांना म्हणावे, माशाअल्लाह म्हणा आणि काट्यावर ठेवा. कामामुळे आईला जाणे जमत नसेल, तर त्या दिवशी बाळाला अब्बांनी घेऊन जावे. कार्ड कसे वाचायचे ते त्यांनाही कळेल.