हप्ता आधी, कमाई मागून

माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एखाद्या घरात कर्जाच्या पैशातून शेळी येते. ती गाभण राहिली की पाच महिन्यांनी विते. करडू बाजारात नेण्याजोगे व्हायला आणखी सहा-आठ महिने जातात. पण कर्जाचा हप्ता आठ-पंधरा दिवसांतच सुरू झालेला असतो. मग घरची बाई हप्त्यापुरती खुरपणीला जाते आणि शेळीची आबाळ होते. ठरल्या वारी पैसे कमी पडले, की कर्जाला एकमेकींची हमी दिलेल्या गटातल्या बायका दारात येऊन बसतात. शेवटी शेळीच विकावी लागते. ज्या कर्जाने घराची मिळकत वाढायची, ते घरच्या मजुरीतून फिटते.

गरिबाच्या हाती कर्ज पडले की त्याचा धंदा आपोआप वाढतो, हा समज सोडायला हवा. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत केलेल्या अभ्यासात, सूक्ष्म कर्ज पोहोचलेल्या वस्त्यांतल्या घरांचा सरासरी खर्च वाढल्याचे दिसले नाही. कोलकात्यात वेगळा प्रयोग झाला. काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी ठेवला. सुमारे तीन वर्षांनी त्यांचा नफा इतरांपेक्षा ४१ टक्के अधिक भरला. थकबाकीही वाढली, हे लपवण्याचे कारण नाही. वित्तसंस्थांची धास्ती खरी आहे. पण म्हणून शेळीवालीला आणि भाजीवालीला एकच हप्ता लावणे समर्थनीय ठरत नाही. भाजीवालीच्या हाती रोज पैसा येतो, दूध घालणारीला दहा-पंधरा दिवसांनी बिल मिळते. तिथे छोटे हप्ते सोयीचेच आहेत.

यात आणखी एक अन्याय आहे. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेत फेडले तर ४ टक्के पडते. त्यासाठी सातबारा लागतो आणि त्यावर बहुतेक ठिकाणी नाव पुरुषाचे असते. शेतात राबणाऱ्या बाईच्या वाट्याला येते ते सूक्ष्म वित्तसंस्थेचे, बहुधा २० टक्क्यांहून महाग कर्ज. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला. इतक्या वर्षांनंतरही हे अंतर राहावे, ही शरमेची गोष्ट आहे.

नियमांची उणीव नाही. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या विनातारण कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये निर्देश काढले. घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नकोत, असे त्यांत आहे. कर्जदाराच्या गरजेप्रमाणे हप्त्यांचा कालावधी लवचिक ठेवण्याचे धोरण वित्तसंस्थेच्या संचालक मंडळाने ठरवावे, असेही आहे. हे धोरण प्रत्येक शाखेत मराठीत लावले जावे. शेळीपालनाच्या कर्जाचा पहिला हप्ता करडे विकल्यानंतरच घ्यावा. आणि गटातल्या भगिनींनी सही-अंगठा करण्यापूर्वी हप्त्याची तारीख आपल्या धंद्याप्रमाणे लिहून मागावी. तो त्यांचा हक्क आहे.