गाडी पाच लाखांची, खर्च अठरा लाखांच्या गाडीचा

मागच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की धंद्याच्या पहिल्या तीन वर्षांत जुनी मोठी डिझेल एसयूव्ही घेऊ नका. बऱ्याच जणांना हे पटलं नाही. "सर, छोट्या नव्या गाडीच्या भावात सात सीटर मिळतेय, मग का सोडायची?" हा प्रश्न चुकीचा नाही. व्हिडिओत हिशोब मांडायला वेळ नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. गाडी विकणारा तुम्हाला गाडीची किंमत सांगतो. मी काउंटरच्या ज्या बाजूला उभा असतो तिथे त्यानंतरचं सगळं दिसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. उदाहरणाला महिंद्राची एक्सयूव्ही फाइव्ह डबल ओ घेऊ. २०११ मध्ये आली, २०२१ च्या सुमारास बंद झाली, आपल्या चाकणलाच बनायची. २.२ लिटरचं डिझेल इंजिन, सात सीट, रस्त्यावर दबदबा. आज तिचं जुनं मॉडेल चार-पाच लाखांत दारात उभं राहू शकतं. पण तिचा क्लच, टर्बो, इंजेक्टर, टायर हे सगळं नवी असताना पंधरा-अठरा लाख मोजणाऱ्या माणसाच्या खिशाच्या हिशोबाने बनलेलं आहे. गाडी आता पाच लाखांची झाली हे त्या इंजेक्टरला कुणी सांगितलेलं नसतं. मी एक मॉडेल नावाला घेतलं. स्कॉर्पिओ घ्या, डस्टर घ्या, सफारी घ्या, दहा वर्षांनंतर गणित साधारण हेच.

विम्यापासूनच बघा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७,८९७ रुपये आहे, त्यावर जीएसटी वेगळा. १००० ते १५०० सीसीला तोच ३,४१६. हा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो, गाडीच्या वयावर नाही. गाडी पन्नास हजारांची झाली तरी तेवढाच भरायचा. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. एजंट हे गाडी घेतल्यावर सांगतो.

टायरचंही तसंच. २३५/६५ आर १७ हा आकडा टायरच्या दुकानात सांगून भाव विचारा, मग तुमच्या सध्याच्या गाडीच्या टायरचा विचारा. फरक कानाने ऐका.

आता खरा विषय, नेहमीचे बिघाड.

सगळ्यात मोठा झटका क्लचचा. बऱ्याच मोठ्या डिझेल गाड्यांत साधं फ्लायव्हील नसतं, ड्युअल मास फ्लायव्हील असतं. म्हणजे दोन जड चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा. डिझेल इंजिनचे धक्के ती गिळते, म्हणून गाडी मऊ चालते. पण त्या स्प्रिंगा थकल्या की फक्त क्लच प्लेट बदलून भागत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि फ्लायव्हील असा सगळा सेट मजुरीसकट तीस ते पन्नास हजारांच्या घरात जातो. फिटर तुम्हाला म्हणेल, "सध्या प्लेटच टाकू, फ्लायव्हील नंतर बघू." हे ऐकू नका, फ्लायव्हील उतरवून तपासूनच ठरवा. सहा महिन्यांनी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तुम्हीच देणार आहात. ओळखायचं कसं? इंजिन बंद करताना गाडी हिसका देऊन खडखडली की शंका घ्या. आणि चालत्या गाडीत तिसऱ्या-चौथ्या गिअरला जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा वर गेला पण वेग वाढला नाही, तर क्लच संपलेला आहे.

दुसरं दुखणं टर्बो, ईजीआर आणि इंजेक्टरचं, आणि इथे चूक गाडीची कमी, आपल्या वापराची जास्त असते. छोट्या धंदेवाल्याचं फिरणं कसं असतं? घर ते दुकान तीन किलोमीटर. दुकान ते मार्केट दोन. मध्ये बँकेसमोर एसी लावून वीस मिनिटं इंजिन चालू. डिझेल इंजिनला याच्यापेक्षा वाईट आयुष्य नाही. ईजीआर व्हॉल्व्ह धुरातला काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो, प्रदूषण कमी व्हावं म्हणून. इंजिन नीट तापलंच नाही तर काजळी साचत जाते, मग पिकअप जातो, काळा धूर येतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सिक्स डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी सलग काही वेळ हायवेच्या वेगाने पळावी लागते. नुसत्या गावातल्या गावात फिरणाऱ्याने अशी गाडी घेणं म्हणजे बैलाला खुराड्यात कोंबणं. टर्बोचा शाफ्ट तर तेलावरच फिरतो. आधीच्या मालकाने ऑइल बदलायला उशीर केला असेल, किंवा घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची सवय असेल, तर त्याचं बिल तुमच्या नावावर फाटतं.

बाकीचं पटकन सांगतो. खालून टकटक आवाज आला की लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअप. एकेक स्वस्त वाटतं, सगळं मिळून वीस-पंचवीस हजार. एसीची कूलिंग कॉइल बदलायला बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो, म्हणजे पार्टइतकीच मजुरी. रेडिएटर, वॉटर पंप, होज पाइप हे दहा वर्षांच्या गाडीत बदललेले नसतील तर बदलायचेच आहेत असं धरा. आणि ज्या इंजिनात टायमिंग चेन नसून बेल्ट आहे, उदाहरणार्थ डस्टरचं दीड लिटरचं डिझेल, तिथे बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. तोंडी उत्तर चालत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात.

आता महिन्याचा हिशोब. आकडे माझ्या भागातले, अंदाजाचे. तुमच्या गावात विचारून बदला, पण रकाने हेच ठेवा. महिन्याला १,००० किलोमीटर, गावातलं ॲव्हरेज ११, डिझेल ९० रुपये धरलं तर ८,२०० रुपये. विमा वर्षाला साधारण २१,६००, म्हणजे महिन्याला १,८००. ऑइल-फिल्टरची सर्व्हिस १,०००. चार टायर चाळीस हजारांचे, ते ४५,००० किलोमीटर चालले तर महिन्याला ९००. आणि दुरुस्तीसाठी महिन्याला ५,००० बाजूला. हा शेवटचा रकाना लोक लिहीतच नाहीत. "आत्ता काही काम नाहीये ना" म्हणतात. काम नाही म्हणून तर पैसे साठवायचे. बेरीज १६,९००.

चार लाखांचं कर्ज काढलं असेल, १४ टक्क्यांनी, चार वर्षांसाठी, तर हप्ता १०,९०० च्या आसपास. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा जास्तच असतो. एकूण झाले २७,८००.

तुमच्या दुकानात शंभर रुपयांच्या विक्रीमागे सगळं जाऊन दहा रुपये सुटत असतील, तर ही गाडी नुसती दारात ठेवायला दर महिन्याला २ लाख ७८ हजारांची जादा विक्री लागेल. त्याशिवाय ती तुमच्या घरखर्चातून चालणार. रोख पाच लाख देऊन घेतली तरी सुटका नाही. तेच पाच लाख मालात घातले, माल वर्षात सहा वेळा फिरला, तर ३० लाखांची विक्री होते. गाडी वर्षभर फिरून तिची फक्त किंमत कमी होते.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. "सर, मोठी गाडी असली की मार्केटमध्ये वट राहते, पार्टी उधारी देते." मी स्वतः होलसेलकडून माल उचलतो आणि किरकोळ गिऱ्हाइकाला उधारीही देतो, दोन्ही बाजू बघतो. होलसेलवाला मागचा चेक वटला का एवढंच बघतो. तुम्ही बुलेटवर आलात की एसयूव्हीत, त्याच्या वहीत तो रकाना नाही. हां, घरात सात माणसं आहेत, आईबाबांना गावी न्यायचं असतं, किंवा भावाचं लग्न जमवायचंय म्हणून घेतोय, असं कुणी सरळ सांगितलं तर मी एक शब्द बोलणार नाही. चांगली कारणं आहेत. फक्त तो घरखर्च आहे, धंद्याच्या वहीत टाकू नका.

धंद्याच्या नावावर घेण्याचा सल्ला देणारेही भेटतील. "जीएसटी परत मिळतो." नाही मिळत. चालकासकट तेरापर्यंत सीट असलेल्या प्रवासी गाडीवर इनपुट टॅक्स क्रेडिट बंद आहे. प्रवासी वाहतूक, गाड्यांची विक्री किंवा ड्रायव्हिंग स्कूल हाच तुमचा धंदा असेल तर वेगळी गोष्ट. तिच्या विम्यावर आणि दुरुस्तीवरचं क्रेडिटही त्याच नियमात अडकतं. इन्कम टॅक्समध्ये १५ टक्के घसारा मिळतो हे खरं, पण तो धंद्यासाठी वापरलेल्या हिश्शापुरता. आणि तुमच्यापैकी बरेच जण उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवून रिटर्न भरतात. त्या योजनेत घसारा आणि गाडीचा खर्च वेगळा दाखवताच येत नाही. सीएला हा एक प्रश्न विचारा, मग कुणाच्या नावावर घ्यायची ते ठरवा.

"रिकामी असेल तेव्हा भाड्याने लावू" हा त्याहून धोक्याचा विचार. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारणं बेकायदेशीर आहे, आणि त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. हप्ता सुटावा म्हणून आख्खं घर पणाला लावू नका.

मग अशी गाडी कुणी घ्यावी? ज्याचं फिरणं खरंच लांबचं आहे, आठवड्यातून दोनदा तरी हायवे आहे, ओळखीचा आणि स्कॅनर असलेला फिटर आहे, आणि किमतीशिवाय दीड लाख वेगळे पडून आहेत, त्याने खुशाल घ्यावी. या गाड्या आरामशीर आहेत, घाटात दमत नाहीत. पाच लाखांचं बजेट असेल तर साडेतीनची गाडी बघा, पाचची नाही.

बघायला सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन खोटं बोलत नाही. चालू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि कूलंटच्या टाकीत बुडबुडे किंवा तेलकट साय दिसली, तर हेड गॅस्केटची शंका, तिथून निघा. टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. किलोमीटर चाळीस हजार आणि टायर तिसऱ्या सेटचे असतील तर मीटर फिरवलेला आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं. तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठेही विकायला येऊ शकतात.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून त्या बाहेर पडल्या. गाडी चांगलीही असू शकते, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा. गाडी कुठलीही असो, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचा फॉर्म ३५, ट्रान्स्फरसाठी २९ आणि ३०, आणि ऑनलाइन थकलेले चलान, हे सगळं पूर्ण पैसे देण्याआधी.

पार्टबद्दल एक धंद्यातली गोष्ट. एकच बेअरिंग तीन डब्यांत मिळतं. गाडी कंपनीच्या डब्यात, ते बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या ब्रँडच्या डब्यात, आणि लोकल. मधला घ्या. माल बऱ्याचदा पहिल्यासारखाच असतो आणि भाव कमी. लोकल क्लच आणि लोकल ब्रेक पॅड मात्र माझ्याकडेही मागू नका.

तपासणीनंतर फिटरकडून कामांची यादी रकमेसकट कागदावर लिहून घ्या आणि ती मालकासमोर ठेवा. यादी साठ हजारांची असेल तर किमतीतून साठ हजार कमी मागा. तो "एवढं काही काम नाही" म्हणाला तर वाद घालू नका, दुसरी गाडी बघा. पुढच्या व्हिडिओत दुकानाच्या मालासाठी जुनी ईको की छोटा हत्ती, हा हिशोब याच रकान्यांत मांडतो. तोपर्यंत तुमचे आकडे भरून ठेवा.