शनवार तेलीच्या पुढे: पेण, रोहे आणि उच्च न्यायालय

रायगडच्या बेने इस्रायलांवरचा प्रत्येक धागा एकाच ठिकाणी सुरू होतो आणि तिथेच संपतो. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली, त्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. पुढे पेणच्या १८६३ मधील सिनेगॉगचे एक छायाचित्र, खाली 'आपली सहिष्णुता' अशी ओळ. झाला इतिहास!

यातील जहाजाची कथा ही दंतकथा आहे, हे क्वचितच कोणी सांगतो. पण खरा आक्षेप निराळा आहे. या मांडणीत ती माणसे कायमची पाहुणी राहतात आणि उरलेला कोकण कायमचा यजमान. पाहुण्याने काय केले हे कोणी विचारत नाही. यजमान किती उदार होता एवढेच सांगितले जाते.

आडनावे पाहावीत. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिकेच्या पलीकडील अष्टमीचे अष्टमकर. ज्या नियमाने शेजारच्या ब्राह्मणाचे वा मराठ्याचे आडनाव घडले, त्याच नियमाने ही घडली. घरची भाषाही मराठीच.

घाण्यावरून हा समाज न्यायालयापर्यंत कसा आला? मधला टप्पा सैन्याचा. मुंबई इलाख्याच्या फौजेत बेने इस्रायल देशी अधिकारी मोठ्या संख्येने होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तुकड्या जातवार रचल्या जाऊ लागल्या. इतक्या लहान समाजाची स्वतंत्र तुकडी होणे शक्य नव्हते, तेव्हा बढतीची वाट खुंटली. लेखणी हाती घेणे भाग पडले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली ती याच काळात. कारकुनी, शिक्षकी, वैद्यकी आणि वकिली हे व्यवसाय कोणाच्या औदार्यातून मिळालेले नाहीत.

आता १९१६. टिळकांनी १ मे रोजी बेळगावात, ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगरात स्वराज्यावर भाषणे केली. सरकारने थेट राजद्रोहाचा खटला भरला नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला: २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीनदार. नोटीस आली ती साठाव्या वाढदिवशी, २३ जुलैला. पुण्याच्या दंडाधिकाऱ्याने ऑगस्टमध्ये जामिनाचा हुकूम दिला. ९ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयात न्या. बॅचलर व न्या. शाह यांनी तो रद्द केला. भाषण समग्र वाचावे, सुटी वाक्ये उचलून वक्त्याचा हेतू ठरवू नये, हा त्या निकालाचा गाभा.

या प्रकरणावरचे धागे 'टिळकांचे वकील जिना!' या एका आश्चर्यावर थांबतात. जिना प्रमुख होते, यात शंका नाही. पण त्यांच्यासोबत उभ्या असलेल्यांत डेव्हिड एरुलकर होते, बेने इस्रायल समाजातले. त्यांना नायक करण्याची गरज नाही. जिनांचा युक्तिवाद जिनांचाच. परंतु वाद मराठी भाषणांच्या अर्थाचा होता. अशा वेळी बचावपक्षात मराठी मातृभाषा असलेल्या समाजातला वकील असणे ही तळटीप नव्हे. जिनांचे नाव विरोधाभास म्हणून खपते, एरुलकरांचे नाव कोणाच्याच सोयीचे नाही. ज्यांना टिळक केवळ एका समाजाचे हवे आहेत त्यांना ते अडचणीचे, आणि सहिष्णुतेची टाळी हवी असणाऱ्यांना निरुपयोगी, कारण इथे आश्रय देणारा कोणी नाही. इथे अशील टिळक आहेत.

याच समाजातले डेव्हिड एझ्रा रूबेन आय.सी.एस. होऊन बिहारमध्ये न्यायाधीश झाले आणि १९५२ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. त्यांच्या नावाला 'कर' नाही, म्हणून कोकणच्या यादीत ते सापडत नाहीत.

महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो जून २०१६ मध्ये. त्या दिवशीच्या बहुतेक पोस्टांत पुन्हा जहाज होते, सात जोडपी होती, शनिवारचा बंद घाणा होता. एरुलकरांच्या त्या खटल्याला तेव्हा शंभर वर्षे होत आली होती.