दोन रात्रींचा मुक्काम

यंदा आषाढीच्या आधी कित्येक वर्षांनी सासवडला गेलो. आमचे गाव ते. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघून दिवेघाट चढते आणि आमच्याकडे दोन रात्री मुक्काम करते, हे वाचकांना ठाऊक आहेच. लहानपणी आम्हां दोघा मित्रांची समजूत मात्र अशी, की सारी वारी त्याच्याच घरी उतरते! कारण त्याच्या आबांच्या ओसरीवर दरवर्षी एक दिंडी असायची आणि पंगतीत पाणी वाढण्याचा मान आमचा.

पंचवीस वर्षांनी त्या ओसरीवर पाऊल टाकले, तो हे महाशय घामाघूम होऊन पिठल्याचे पातेले ढवळताहेत. मी थक्क झालो. कॉलेजात असताना 'देव नाही' असे आबांना तोंडावर सांगणारा हाच पठ्ठ्या! लग्नही नोंदणी पद्धतीने केले, तेव्हा आबांनी वर्षभर अबोला धरल्याचे कानावर आले होते.

"काय रे, देव भेटला वाटतं?" मी चेष्टा केली.

तो हसला नाही. "२०२० साली पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.नं पंढरपूरला गेल्या, आठवतं? तरी आबांनी आईकडून भाकऱ्या थापून घेतल्या, पत्रावळ्या मांडल्या. संध्याकाळी मला फोन. म्हणाले, 'अरे, कोणीच आलं नाही रे.' आणि मी काय म्हणावं? 'बरं झालं आबा, तेवढीच विश्रांती!' दिवाळीच्या आत गेले ते."

त्याने पिठल्यात मीठ घातले. बहुधा दुसऱ्यांदा.

"मग आता मानतोस?"

"नाही रे. हे दोन दिवस रजा काढतो, इतकंच. तू तर पोरांना ज्ञानेश्वरी शिकवतोस. तू मानतोस?"

वीस वर्षे मी नवव्या अध्यायावर व्याख्याने देतो आहे. महिन्यापूर्वी माझ्या मुलीने हाच प्रश्न केला, तेव्हा मी तिला भागवत धर्माचा इतिहास ऐकवला. ती मध्येच उठून गेली. (प्राध्यापकाच्या घरची माणसे सोशिक असतात, पण त्यालाही सीमा आहे.) मित्रापुढे ते जमेना.

"कळत नाही," मी म्हणालो.

"मग कळशी घे. पंगत बसलीय."

जेवून उठलेली एक म्हातारी वारकऱ्यांच्या रीतीने 'माऊली' म्हणत त्याच्या पाया पडली. हा गडबडून मागे सरला. मग हातातला डाव खाली ठेवून तोही वाकला.

मी कळशी भरायला नळावर गेलो.