नित्य दिसणारी झाडे

जे नित्य डोळ्यांसमोर असते, तेच बहुधा पाहावयाचे राहून जाते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके वृक्षसंपत्तीने समृद्ध आहेत. माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी व तानसा तलावाभोवती साग, ऐन, हेदू यांचे रान आहे. फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलले, की माळशेज घाटाकडील वाटा उजळून निघतात. तरीही एस. टी.ची वाट पाहत ज्या वडाखाली माणसे तासन्‌तास बसतात, त्याच्या बुंध्याचा घेर किती, हे सांगणारा विरळाच.

याउलट ठाकूर किंवा कातकरी कुटुंबातील मुलाला रानातला मोह आप्तासारखा परिचित असतो. उन्हाळ्याच्या आरंभी पहाटे गळणारी फुले वेचावयास सारे कुटुंब त्याच्याखाली जमते. गरजेने दिलेली ही दृष्टी इतरांनी जाणीवपूर्वक मिळविली पाहिजे.

त्यासाठी छायाचित्रासारखे साधन नाही. आणि आज मोबाइलमुळे ते खेड्यापाड्यांतही पोहोचले आहे. मात्र केवळ सुंदर चित्र टिपणे पुरेसे नव्हे. झाडाशेजारी एखादा माणूस उभा केला, म्हणजे त्याच्या उंचीची कल्पना येते. जमिनीपासून साडेचार फुटांवर दोरी गुंडाळून घेर मोजावा. पान, साल, फूल व फळ यांची निराळी चित्रे घ्यावीत, आणि गाव, दिनांक व झाडाचे स्थानिक नाव लिहून ठेवावे. ऋतू पालटल्यावर त्याच जागेवरून पुन्हा चित्र घ्यावे. वैशाखात सोनेरी झुंबरांनी लगडलेला बहावा श्रावणात ओळखूही येत नाही. दोन्ही रूपे पाहिली, म्हणजेच तो खरा कळतो.

छायाचित्राने झाड वाचते काय, असे कोणी विचारील. एकट्या चित्राने वाचत नाही, हे खरे. महाराष्ट्रात 1975 साली वृक्षसंरक्षणाचा कायदा झाला, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या वृक्षांना विशेष संरक्षण मिळाले. परंतु तो कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे. खेड्यातील बांधावरच्या जुन्या आम्रवृक्षाला त्याचे छत्र नाही. मात्र 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. विद्यार्थ्यांनी जमविलेली चित्रे व मापे त्या वहीत गेली, तर ती गावाचा पुरावा ठरतील. रस्ते हवेतच, 2025 साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातूनच गेला आहे. पण नव्या रस्त्याची आखणी होताना कोणते झाड टाळून जावे, हे ग्रामसभेला तेव्हाच सांगता येईल, जेव्हा ते झाड तिच्या दप्तरी असेल. ज्याची नोंद नाही, त्याची हानीही मोजता येत नाही.

शाळेच्या वाटेवरील एका झाडापासून या कामाला आरंभ करता येतो. त्याला ना खर्च लागतो, ना मोठी विद्या. थोडे थांबून पाहण्याची सवय तेवढी लागते.